विटांच्या चुऱ्यातली अंडी

न्हाणीघराचा पाया खणायला काढला, तेव्हा ती अंडी निघाली. मृग लागायला अजून अवकाश होता आणि ऊन असं, की दारातल्या पत्र्याला हात लागला तर फोड यावा. चुडाव्याचं आमचं घर स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. इतकी वर्षं आम्ही परसात चार तट्टे उभे करून त्यांच्या आड आंघोळ करायचो. मी अकरावी सायन्सला गेले, तेव्हा मायनं हट्ट धरला, की पोरगी मोठी झाली, आता पक्की न्हाणी पाहिजे. म्हणून दादांनी दोन गडी लावले, वीट आणून टाकली आणि परसातली जुनी मातीची भिंत पाडून तिथंच खणायला सुरुवात केली. भिंतीच्या बुडाशी उंदराचं बीळ होतं. त्या बिळाच्या पोटात, कुदळीच्या टोकापासून बोटभर अंतरावर, अंडी पडलेली होती. पांढरी, लांबट, काही एकमेकांना चिकटलेली. कोंबडीच्या अंड्यासारखं कवच नाही. हात लावला तर ओल्या कातड्यासारखं लागायचं.

गडी मागं सरले. एकानं लगेच रॉकेल मागितलं. दादा शाळेच्या सुट्टीमुळे घरीच होते, ते पुढं आले आणि म्हणाले, "थांबा, जाळायचं कशाला? कशाची हायत ते तरी कळू द्या." आता कशाची हायत, हे कुणालाच सांगता येईना. आदल्या आठवड्यात रेल्वेच्या गँगमननी आमच्या परसामागं एक मोठा साप मारला होता, पण तो इतका ठेचला होता, की कुणी त्याला धामण म्हणे, कुणी नाग. धामण असेल तर प्रश्न नव्हता, ती बिनविषारी. नाग असेल तर मात्र होता.

मला अंडी पाहिजे होती. का, ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. कॉलेजात आम्हाला बाटलीतले साप दाखवले होते, औषधात बुडवलेले, पिवळे पडलेले. जिवंत गोष्ट कशी होते ते कुणी दाखवलं नव्हतं. मी दादांच्या मागं लागले, की आपण ही उबवू, मी सगळं बघते. दादांच्या डोळ्यांत लगेच चमक आली. ते पोथी-पुराणं सोडलेल्या माणसाच्या उत्साहानं जगायचे. आमच्या घरात नागपंचमी होत नव्हती, वारुळाला दूध नव्हतं, आणि दादा ते अभिमानानं सांगायचे. ते मायला म्हणाले, "आपण नागाला पुजत न्हाई, भीत न्हाई. मग मारायचा कशाला? पोरगी शास्त्र शिकायलीय, बघू दे की तिला."

माय चुलीपुढं बसून अंबाडीची भाजी घोटत होती. तिनं रवी थांबवली. "पुजत न्हाई म्हणून घरात ठेवायचं व्हय?" एवढंच म्हणाली. दादा उठून परसात गेले. मायचा धाकटा भाऊ, भीमामामा, साप चावून गेला होता, आमच्याच गावात, माझ्या जन्माआधी. घरात त्याचा फोटो नव्हता आणि त्याचं नाव कुणी काढत नसे. मला त्याच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं. माय भाजी तशीच घोटत राहिली, वरून लसणाची फोडणी दिली, आम्हाला वाढलं, आणि जेवणं झाल्यावर ताटं उचलताना तिनं आपला निकाल सांगितला. "ठेवा. पर नाग निघाला तर काय करायचं ते मी ठरवीन. तुमी दोघं मधी बोलायचं न्हाई."

दादांनी मान हलवली. मीही हलवली.

आमच्या जीवशास्त्राच्या सरांना मी पूर्णेला गाठून विचारलं होतं. त्यांनी फक्त एक गोष्ट ठामपणे सांगितली, की सापाचं अंडं उलटवायचं नाही. जसं सापडलं तशीच त्याची वरची बाजू वर राहिली पाहिजे, नाहीतर आतला जीव गुदमरतो. म्हणून मी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं बारीक फुली काढली होती. पण ती ठेवायची कशात, हे सरांनाही नक्की माहीत नव्हतं. ते म्हणाले, ओल पाहिजे, हवाही पाहिजे, ऊब पाहिजे पण उकड नको. ऐकायला सोपं होतं.

मी पहिल्यांदा अंडी बिळातल्याच मातीत ठेवली, कारण जिथं घातली तीच माती बरी असणार असं मला वाटलं. मायचं एक रुंद तोंडाचं जुनं मडकं होतं, ते मागून घेतलं. पण बिळात होती तेव्हा अंड्यांभोवती पोकळी होती, आणि मी मात्र ती मातीत दाबून बसवली. आमची माती काळी, कापसाची. पाणी शिंपडलं की तिचा लगदा व्हायचा आणि वाळली की वीट. अंड्यांना चहूबाजूंनी तिनं असं आवळलं, की काही दिवसांत दोन अंडी हिरवट पडली आणि मडक्याला वास सुटला. मी ती चमच्यानं काढली आणि मातीसकट सगळं बदललं. मग गोदावरीची वाळू आणली, धुऊन, उन्हात वाळवून. वाळूत हवा खेळायची, पण ओल टिकेना. सकाळी शिंपडावं तर दुपारपर्यंत कोरडी ठक्क, आणि अंड्यांना खळगे पडायला लागले, म्हाताऱ्या माणसाच्या गालांसारखे. मग दादांनी पूर्णेच्या लाकडाच्या वखारीतून पोतंभर भुसा आणला. भुशात ओल छान राहिली, आणि तिच्याबरोबर बुरशीही आली, पांढरी, कापसासारखी. आणखी एक अंडं गेलं. मी त्या दिवशी जेवले नाही. आता सांगताना हसू येतं, पण त्या वयात एखादी गोष्ट आपल्या हातून मरते आहे, याच्याइतकं मोठं दुसरं काही नसतं.

विटांचं मला सुचलं ते परसात बसल्यामुळं. न्हाणीचं काम अर्धवट राहिलं होतं, विटा पडून होत्या. एक फुटकी वीट मी सहज घागरीखाली सरकवली, तर तिनं सांडलेलं पाणी पिऊन टाकलं, आणि दुसऱ्या दिवशीही ती आतून गार होती. वरून कोरडी, आतून ओली. मी चार विटा खलबत्त्यात कुटल्या, तुरीएवढे तुकडे केले, बारीक भुकटी चाळून टाकून दिली आणि उरलेला चुरा मडक्यात भरला. पाणी किती घालायचं हे मात्र कळेना. मी घालायचे तेव्हा एकतर तळाशी साचायचं, नाहीतर कमी पडायचं. माय कणगीपाशी उभी राहून बघत होती. इतके दिवस ती त्या मडक्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती म्हणाली, "मटकीला मोड आणताना काय करतीस? फडकं पिळून घेतीस का तसंच निथळत ठेवतीस?" मी चुरा भिजवला, फडक्यात बांधून पिळला, आणि मुठीत दाबून बघितला. हाताला गार लागला, पण थेंब पडला नाही. अंडी त्यात निम्मी बुडतील अशी, फुली वर करून, ठेवली. वरून ओलं फडकं, त्यावर मायची जुनी चाळण उपडी, आणि चाळणीवर वरवंटा. मडकं घडवंचीच्या खाली गेलं, कारण वरचे माठ पाझरायचे आणि घरात तेवढीच एक जागा दुपारीही गार असायची.

खळगे हळूहळू भरून आले. अंडी टपोरी झाली. मी पुढं आयुष्यभर मुलांना जीवशास्त्र शिकवलं. आता बाजारात पिशव्यांतून तयार भुरभुरीत माध्यमं मिळतात, मापं मिळतात, तापमापक मिळतात. ते सगळं चांगलंच आहे. पण ओल्या विटेचा तो वास अजून कुठं आला, की मला आमची घडवंची आठवते.

पाऊस सुरू झाला, शाळा उघडली, आणि नामांतराचं वातावरण तापलं. विद्यापीठाच्या नावावरून गावागावांत दोन बाजू पडलेल्या. आमच्या गावात मारामारी झाली नाही, पण बोलणं आटलं. ज्यांच्या ओट्यावर दादा पेपर वाचायचे, ते ओट्यावर दिसेनासे झाले. दूधवाल्यानं रतीब बंद केला, म्हैस आटली म्हणाला. दादा एका सकाळी पांढरा सदरा घालून, पिशवीत भाकरी आणि ठेचा घेऊन परभणीला सत्याग्रहाला गेले. मायनं त्यांना विचारलं, "नोकरीचं?" ते म्हणाले, "नोकरी नामांतराहून मोठी हाय का?" माय म्हणाली, "मी तसं म्हणाले का? नुसतं इचारलं." ते गेले आणि पकडले गेले. कधी सुटतील ते कुणाला सांगता येईना.

घरात आम्ही दोघीच. मी कॉलेजला पूर्णेला गाडीनं जायची-यायची, आणि गाडी कधी वेळेवर यायची नाही. मडकं मायच्या गळ्यात पडलं. ती तक्रार करत नव्हती, पण कौतुकही नव्हतं. भाकऱ्या झाल्या की चाळण उचलायची, चुऱ्याला बोट लावून बघायची, वाटलं तर ओंजळीतून दोन थेंब शिंपडायची. पावसानं हवा गार झाली तेव्हा मला न विचारता तिनं मडकं घडवंचीखालून काढून चुलीच्या मागच्या भिंतीला लावलं. मी विचारलं, तर म्हणाली, "गारठलेत." जसं काही पाहुण्यांबद्दल बोलावं.

आमच्या पलीकडच्या गल्लीत सरूकाकू राहायच्या. शेतीवाडीचं मराठ्यांचं घर, पण काकू आणि माय यांची मैत्री जुनी. दादा आत गेल्यापासून त्यांचंही येणं कमी झालं होतं. एका दुपारी त्या ताकाचा गडवा घेऊन आल्या आणि अंगणातच उभ्या राहिल्या.

"सुमनची माय, एक इचारू का? घरात साप पाळलेत म्हणं तुमी?"

"कोन म्हणतंय?" माय म्हणाली.

"गिरणीत बोलायलेत. गुरुजी तिकडं आत बसलेत, आन इकडं बायका लोकांच्या घरात सोडायला साप वाढवायल्यात म्हणून. मला बरं न्हाई वाटलं ऐकून. म्हणून आले."

मी दारात उभी होते. खणणाऱ्या गड्यांपैकी कुणीतरी बोललं असणार. त्या दिवसांत असली एक गोष्ट पुरे होती. बाहेरगावी याहून लहान गोष्टींवरून घरं पेटली होती. मायनं गडवा हातात घेतला आणि म्हणाली, "आत ये. तुझ्या डोळ्यानं बघ." तिनं काकूंना चुलीपाशी नेलं, वरवंटा उचलला, चाळण बाजूला केली. "अंडी हायत. कशाची ते आमाला बी ठाऊक न्हाई. पोरगी शिकायलीय त्यावर." सरूकाकू वाकून बघत राहिल्या. मग त्यांनी सवयीनं हात जोडले, आणि लगेच ओशाळून खाली घेतले. जाताना दारात थांबल्या. "लवकर काय तो निकाल लावा बाई. मी सांगते गिरणीत, खुडूक कोंबडी बसवलीय म्हणून."

त्या गेल्यावर मायनं ताकात मीठ-जिरं घातलं, आम्ही ज्वारीच्या कण्यांबरोबर ते खाल्लं. माय मडकं उचलून ओढ्यात टाकून आली असती तर मी अडवू शकले नसते, आणि खरं सांगायचं तर अडवलंही नसतं. पण तिनं टाकलं नाही.

अंडी फुटली ती पंचमीच्या आदल्या दिवशी. गावात झाडांना झोके बांधले होते, बायकांची गाणी ऐकू येत होती. मी कॉलेजातून आले तर माय मडक्यासमोर बसलेली. "ये," ती म्हणाली. "चिरलंय." एका अंड्यावर ब्लेडनं मारावी तशी बारीक चीर होती, आणि चिरेतून करंगळीच्या टोकाएवढं ओलं, चकचकीत डोकं बाहेर आलेलं. ते हलत नव्हतं, नुसतं श्वास घेत होतं. आम्ही बघत असताना शेजारच्या अंड्याला चीर गेली, मग आणखी एकाला. दिवस मावळायच्या आत पहिलं पिल्लू सगळं बाहेर आलं, काळसर, पेन्सिलीएवढं जाड. मी चाळण जरा तिरपी केली. त्यानं अंग वर उचललं आणि मानेची कातडी पसरली. एवढासा फणा. त्याच्यामागं खूण स्पष्ट होती.

मी चाळण बसवली, वर वरवंटा ठेवला, दुसरा दगडही ठेवला. जन्मलेल्या क्षणापासून नागाच्या पिल्लाला विष असतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. मग मला दिसलं, की चुलीवर मोठ्या भगुण्यात पाणी उकळतंय. ते आंघोळीचं नव्हतं.

मी बोलायचं नाही असं ठरलं होतं. मी बोलले नाही. माय पाटावर बसून राहिली, पाण्याकडे पाठ करून. तशीच ती म्हणाली, "भीमाला चावला तवा दिवस होता. असाच श्रावण. माझ्याकडं ऱ्हायला आला होता, लोकाच्या शेंगाच्या रानात खुरपायला गेला. तुझे दादा ट्रेनिंगला गेलेले. चालत आला घरला. बोलत होता माझ्याशी. स्टेशनात नांदेडची गाडी उभी होती, सुमे. इंजन पाणी घ्यायलं होतं. मला दिसत होती इथून. मी म्हणाले, गाडीत घालू, दवाखान्यात नेऊ. मोठी माणसं म्हणाली, देवाच्या पारावर न्या, उतरतंय. मी नवीन होते घरात. ऐकलं." तिनं पदरानं तोंड पुसलं. रडत नव्हती, घाम पुसला. "सापानं त्याचं काम केलं. आमी आमचं केलं न्हाई. इतकी वर्सं मी सापाला शिव्या देत बसले."

मग ती उठली, भगुणं खाली उतरवलं, आणि त्या पाण्यात दादांचे कपडे भिजवले. ते जेलमधून येतील तेव्हा लागतील म्हणाली.

रात्रीतून बाकीची पिल्लं निघाली असणार, कारण सकाळी मडक्यात सारखी सळसळ चालू होती. आता प्रश्न होता तो नेण्याचा. मारणं सोपं होतं. सोडणं गावाला दिसलं असतं तर आमची धडगत नव्हती. मायनं ते आधीच ठरवून ठेवलं होतं. पंचमीच्या सकाळी गावातल्या सगळ्या बायका लाह्या, दूध, हळदकुंकू घेऊन वारुळाला जातात. त्या गर्दीत डोक्यावर मडकं घेतलेली एक बाई कुणाच्या ध्यानात येणार? तिनं चाळण जाड सुतळीनं मडक्याला आवळली, वर ओलं गोणपाट बांधलं, त्यावर ठेवणीतल्या लुगड्याचा तुकडा. डोक्यावर चुंबळ ठेवली आणि मला म्हणाली, "उचलू लाग."

मी आजपर्यंत तिला हजार वेळा डोक्यावर पाणी आणताना बघितलं होतं. ती तशीच चालली, मान सरळ, एक हात सुटा. मी मागून लांब काठी घेऊन. वारुळाच्या रस्त्यावर बायकांचा घोळका होता, त्यात सरूकाकू. त्यांनी मडक्याकडे बघितलं, मायच्या तोंडाकडे बघितलं. घोळक्यातली एकजण म्हणाली, "गुरुजीनबाई कुठं निघाल्या गं आज?" सरूकाकू लगेच म्हणाल्या, "अगं, रानात बी टोकायचं राह्यलंय त्यांचं. चल तू, लाह्या सांडायल्यात तुझ्या." आणि तिला दंडाला धरून पुढं नेलं. आम्हाला रान नव्हतं, हे गावाला माहीत होतं. घोळका वारुळाकडे वळला.

आम्ही लाइन ओलांडली, ओढा ओलांडला आणि पलीकडच्या माळावर गेलो. तिथं पेरणी होत नाही, नुसता खडक, निवडुंग आणि भेगा. गुरंसुद्धा तिकडं चरायला नेत नसत. मायनं मडकं एका कपारीजवळ आडवं ठेवलं, गाठी सोडल्या आणि मला दहा पावलं मागं जायला लावलं. मग काठीनं चाळण उडवली. चुरा बाहेर सांडला, लाल, आणि त्यातून ती पिल्लं निघाली, कुणी सरळ कपारीत, कुणी गवतात. एक मात्र मायकडे तोंड करून उभं राहिलं आणि फणा काढला. माय हलली नाही. ते थकलं, खाली बसलं आणि इतरांच्या मागून गेलं. दोन अंडी तशीच राहिली होती, न फुटलेली. तिनं त्यांच्यावर दगड रचले.

दादा सुटून आल्यावर त्यांना हे कळलं. आपणच मायला समजावून अंडी ठेवून घेतली, असं त्यांना वाटत होतं. ते म्हणाले, "अगं, पण एवढी जोखीम, गावाला कळलं असतं तर?" माय म्हणाली, "मी ठरवीन म्हणाले होते न्हवं?" त्यावर ते काही बोलले नाहीत, आणि त्यांच्यासारख्या भाषण करणाऱ्या माणसाचं ते गप्प बसणं मला फार आवडलं.

पण मला सांगायचं होतं ते परत येतानाचं. रिकामं मडकं मायनं काखेत घेतलं होतं. ओढ्यात पाय धुताना ती एकदम म्हणाली, "भीमाला पोहायला लय यायचं." मग ती सांगत गेली. तो शीळ अशी वाजवायचा, की शेळ्या फिरायच्या. कच्च्या शेंगा खाऊन त्याचं पोट दुखायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पहिल्यांदा रेल्वेत बसला तेव्हा तिकीट गिळून टाकलं, हरवेल म्हणून. तिच्या लग्नात तो तिच्यापेक्षा जास्त रडला होता आणि लाडू मात्र तिच्यापेक्षा जास्त खाल्ले होते. ती हसत होती. मायचं ते हसणं मी आधी ऐकलेलं नव्हतं, जरा फाटकं, पोरीसारखं. समोरून मालगाडी आली, फाटक पडलं, आम्ही थांबलो. डबे एकामागून एक धडधडत गेले, तरी ती बोलतच होती. आवाजात मला शब्द ऐकू येत नव्हते, नुसते तिचे ओठ हलताना दिसत होते, आणि हातांनी ती दाखवत होती, की तो एवढा उंच होता.